इच्छापत्राआधी घरात बोलणे हवे

महोदय,

पुढे स्वतः सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवायचे, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र. त्याविषयीचा आपल्या अंकातील लेख वाचला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. लेखाचा भर मात्र कागदावरच राहिला. इच्छापत्र अडते ते घरात.

रुग्ण शुद्धीवर नसताना उपचार थांबवायचे, तर दोन वैद्यकीय मंडळांच्या मताबरोबर इच्छापत्रात नाव दिलेल्या नातेवाइकाची संमतीही लागते. त्या मुलाशी किंवा मुलीशी आधी बोलणेच झाले नसेल, तर रात्री दोन वाजता मिरजेच्या अतिदक्षता विभागाबाहेर, हातात संमतीचा फॉर्म आणि फोनवर पुण्याचा भाऊ असताना, कोण धीर करणार? मग व्हेंटिलेटर लागतो आणि इच्छापत्र कपाटातच राहते.

‘अभद्र बोलू नका’ म्हणून विषय तोडला जातो, त्यात माया असते, पण त्रास वडिलांनाच होतो. सुरुवात फॅमिली डॉक्टरांसमोर करावी. आजाराबद्दल काय माहीत आहे, कशाची भीती वाटते, शेवटचे दिवस घरी हवेत की रुग्णालयात, एवढे विचारले तरी बोलणे सुरू होते. इच्छापत्राची प्रत डॉक्टरांकडे आणि नाव दिलेल्या प्रत्येकाकडे द्यावी. सांगली-साताऱ्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत महिन्यातून एक दुपार अशा बोलण्यासाठी राखून ठेवावी, अशी जिल्हा परिषदांना विनंती आहे.

— एक डॉक्टर, सांगली