कारखान्यांनी सभासदांना काय सांगावे?

महोदय,

साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या आणि खासगी कंपन्या अलीकडे स्वतःविषयी पुष्कळ लिहू लागल्या आहेत. संकेतस्थळे झाली, मासिक पत्रिका निघतात, मोबाइलवर दररोज काही ना काही येत असते. मात्र त्यात बॉयलर अग्निप्रदीपन, मोळीपूजन, मिळालेला पुरस्कार, अध्यक्षांचा वाढदिवस आणि सणावाराच्या शुभेच्छा यांपलीकडे फारसे काही सापडत नाही. प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्यांशी बोलावे, तर नवे आणि लोक आवडीने वाचतील असे विषयच मिळत नाहीत, अशी त्यांची खरोखरीची अडचण असते. ऊस उत्पादक सभासद म्हणून मला असे मांडावेसे वाटते, की हे विषय कारखान्याच्या आवारातच आहेत. वजनकाट्यापाशी, गट कार्यालयात आणि तक्रारींच्या नोंदवहीत ते रोज विचारले जात आहेत. ज्या प्रश्नाला खिडकीवरचा कर्मचारी "वर विचारा" असे उत्तर देतो, तो प्रत्येक प्रश्न हा लेखाचा विषय आहे.

उसाच्या दराचेच घ्या. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसाच्या वजनाच्या किती टक्के साखर निघाली ते प्रमाण) क्विंटलमागे ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, ठरवला असून, त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्यासाठी ३ रुपये ४६ पैसे अधिक द्यायचे ठरले. म्हणजे उतारा ११.७५ टक्के धरला, तर क्विंटलला ४०६ रुपये ९० पैसे, अर्थात टनाला ४,०६९ रुपये होतात. हे गणित दहावी झालेल्या कोणालाही समजेल. परंतु सभासदाच्या खात्यावर जी रक्कम जमा होते, ती यातून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा करून आलेली असते, आणि तो खर्च कसा काढला, हे फार थोड्या ठिकाणी लिहून मिळते. पाच किलोमीटरवरचा ऊस आणि साठ किलोमीटरवरून आणलेला ऊस यांच्या वाहतुकीची सरासरी सर्वांच्या माथी सारखीच बसते काय? तोडणी टोळ्यांना आगाऊ दिलेली आणि वसूल न झालेली रक्कम, म्हणजे उचल, कोणत्या खात्यात टाकली जाते? उतारा धरला तो मागील हंगामाचा की चालू हंगामाचा? या शेवटच्या प्रश्नावरून तर वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. इतका महत्त्वाचा विषय असूनही, आपल्या कारखान्याने कोणता उतारा धरला आणि का, हे चार परिच्छेदांत समजावून सांगणारा लेख माझ्या वाचनात आलेला नाही.

इथेनॉलमुळे या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला गेला आहे. बी-हेवी मळीपासून, म्हणजे साखर पूर्ण काढून न घेतलेल्या मळीपासून, किंवा थेट उसाच्या रसापासून इथेनॉल तयार केले, की तेवढी साखर पोत्यात कमी पडते आणि कागदावरचा उतारा खाली दिसतो. दर ठरवताना ही घट उताऱ्यात पुन्हा जमा धरावी लागते. ती किती धरली, कोणी प्रमाणित केली, हे सभासदाला कळले नाही तर त्याच्या मनात संशय येणारच, आणि संशय आला म्हणून त्याला दोष देता येणार नाही. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी निर्बंध आणले, तेव्हा ज्या कारखान्यांनी कर्जे काढून आसवनी (इथेनॉल तयार करण्याचे) प्रकल्प उभारले होते, त्यांच्या हप्त्यांचे काय झाले, हे त्या कारखान्याच्या मालकांनी, म्हणजे सभासदांनी, गावातल्या चर्चेतून ऐकावे ही स्थिती बरी नाही. संचालक मंडळाने स्वतः लिहिले असते, तर सरकारच्या निर्णयाने आपली अडचण कशी झाली, हेही लोकांना पटले असते आणि त्यांची सहानुभूतीच मिळाली असती.

वजनकाट्याविषयी तर लिहावे तितके थोडे. काट्याची तपासणी वैधमापनशास्त्र विभागाने शेवटची कधी केली, बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेली गाडी स्वीकारली जाते का, रिकाम्या गाडीचे वजन प्रत्येक खेपेला घेतले जाते की एकदाच नोंदवून ठेवले जाते, पाचट आणि बांधणीपोटी किती वजावट होते, या गोष्टी छायाचित्रांसह आणि तारखांसह प्रसिद्ध केल्या, तर तो मजकूर गावागावांतील पारांवर वाचला जाईल. चांगला काटा असलेल्या कारखान्याला यात लपवण्यासारखे काहीच नाही. उलट प्रामाणिक कारखान्याने मौन पाळल्यामुळे काटामारी करणाऱ्यांच्या रांगेत त्यालाही उभे राहावे लागते, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे.

आपल्याकडे या कामाची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. ज्या पलूस तालुक्यातून मी हे पत्र लिहीत आहे, तेथील किर्लोस्करवाडीतून शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. नांगर आणि चरक तयार करणाऱ्या एका कारखान्याची ती पत्रिका होती. लोखंडी नांगराने जमीन नासते, असा समज त्याआधीच्या काळात शेतकऱ्यांत होता आणि १९०३ च्या सुमारास बनवलेले पहिले नांगर विकायला लक्ष्मणराव किर्लोस्करांना फार प्रयास पडले होते. गिऱ्हाइकाच्या शंकेचे निरसन झाल्याशिवाय माल खपत नाही, हे त्या घराण्याने अनुभवातून जाणले होते. पत्रिका आपल्या मालाच्या माहितीपुरती राहिली नाही; उद्योग, शेती, समाजसुधारणा यांविषयी ती बोलू लागली, मराठीतील एक मान्यवर मासिक झाली आणि पुढे त्याच संस्थेतून १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके निघाली. वाचक कोण आहे आणि त्याला काय अडते आहे, याचा विचार कारखान्याच्या माणसांनी मनापासून केला म्हणून हे घडले. आज छपाईचा आणि टपालाचा खर्चही उरलेला नसताना आपली मजल शुभेच्छापत्रांपर्यंतच जावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता सर्वांत अवघड विषय, तो म्हणजे स्वतःकडून झालेली चूक. ऑक्टोबर २००३ मध्ये कॅडबरीच्या चॉकलेटांत अळ्या सापडल्याच्या तक्रारी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या. कंपनीचा पहिला पवित्रा दुकानांतील साठवणुकीकडे बोट दाखवण्याचा होता आणि त्याने लोकांचे समाधान झाले नाही; विक्री घसरली. पुढे दुकानदारांना साठवणुकीचे शिक्षण देण्याची मोहीम आणि २००४ च्या आरंभी नवे, अधिक बंदिस्त वेष्टन आल्यावर परिस्थिती सावरली. साठवणुकीचा मुद्दा कदाचित खराही असेल, पण आधी "आमचे वेष्टन आम्ही तपासत आहोत" हे वाक्य यायला हवे होते.

याच्या अगदी उलट उदाहरण गिटलॅब या संगणक क्षेत्रातील कंपनीचे आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याच्या हातून चालू विदासंच (ग्राहकांच्या माहितीचा साठा) पुसला गेला, आणि राखीव प्रती घेण्याच्या ज्या पाच व्यवस्था कागदावर होत्या, त्यांपैकी एकही वेळेला उपयोगी पडली नाही. सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. कंपनीने दुरुस्तीचे काम चालू असतानाच त्याच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या, ते काम थेट प्रक्षेपणातून दाखवले आणि नंतर सविस्तर अहवाल लिहिला. त्या अहवालात मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट ही, की ज्याच्या हातून चूक झाली त्याचे नाव कोठेही दिलेले नाही. दोष व्यवस्थेचा मानला आहे. आपल्याकडे चौकशी अहवाल बाहेर आलाच, तर बहुधा एखाद्या कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या निलंबनापाशी थांबतो, आणि म्हणूनच पुढचा कर्मचारी चूक दडवायला शिकतो.

सगळेच उघड करता येत नाही, हे मान्य आहे. साखर विक्रीच्या निविदा उघडण्यापूर्वीचे आकडे, न्यायालयात असलेली प्रकरणे, कामगारांची खासगी माहिती यांवर लिहू नये. मात्र अशा वेळी "हे अमुक कारणासाठी आज सांगता येत नाही, अमुक महिन्यानंतर सांगू" एवढे तरी लिहावे आणि तो महिना आला की शब्द पाळावा. कारखान्याचा मजकूर बहुतेक वेळा आधी इंग्रजीत तयार होऊन नंतर कसाबसा मराठीत येतो, तोही प्रकार थांबला पाहिजे. ज्याला आडसाली, खोडवा, चिटबॉय, पहिली उचल हे शब्द ठाऊक आहेत, अशा शेती विभागातल्याच एखाद्या माणसाला लिहायला बसवावे. त्याची भाषा थोडी ओबडधोबड असली तरी चालेल.

सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबर अखेरपर्यंत होतात. गोंधळात प्रश्न विचारले जातात, ध्वनिक्षेपक बंद पडतो आणि 'मंजूर, मंजूर' अशा घोषणांत अहवाल संमत होतो. येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर संचालक मंडळांनी एक साधा ठराव घ्यावा, अशी माझी विनंती आहे: सभासदांनी वर्षभरात लेखी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे, प्रश्नकर्त्याचे नाव वगळून, दर महिन्याला कारखान्याच्या पत्रिकेत आणि संकेतस्थळावर छापली जातील, जे प्रश्न अनुत्तरित राहिले, तेही त्याच पानावर कारणासह दिले जातील. आपल्या वृत्तपत्राने जिल्ह्यातील कोणत्या कारखान्यांनी असा ठराव केला, याची नोंद सभांच्या बातम्यांबरोबर द्यावी.

— एक ऊस उत्पादक सभासद, पलूस तालुका, जि. सांगली