रीवाला जाण्याआधी

एलिफ, कुझुम, माझ्या कोकरा,

तुर्कीच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या रीवाच्या शिबिराच्या यादीत तुझं नाव आलंय, हे मला खालच्या बेकरीवाल्याने सांगितलं. बोयोझचे पैसेही घेतले नाहीत त्याने. काल रात्री आपण फोनवर किती भांडलो, ते त्याला कुठे ठाऊक! ऊर भरून आला, माशाल्ला म्हटलं, आणि जिना चढताना गुडघाच आठवला. तुझा.

त्याबद्दल लिहायचं नाही, असं ठरवून बसले होते.

ऑपरेशनला सातवा महिना लागला म्हणजे झालं, म्हणतेस. लिगामेंटचं ऑपरेशन झाल्यावर नऊ महिन्यांच्या आत सामना खेळलं तर गुडघा पुन्हा जायचा धोका कितीतरी वाढतो, हे तुझाच फिजिओ माझ्यासमोर बोलला होता. आणि चाचणीही आहे, एका पायावर उडी मारायची. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के तरी पडायला हवी. तुझी किती पडली? विचारलं की आवाज चढवतेस. क्लबला काय, गुणतक्ता दिसतो. एक खेळाडू गेली की दुसरी उभी करतील, तुला दुसरा पाय कोण देणार? बघ, सुरू झालं माझं भाषण. रागावू नकोस, आईचं तोंड आहे.

परवा व्हिडिओ कॉलवर बोलत बोलत तू हॉस्टेलच्या पायऱ्या उतरत होतीस. डावा पाय खाली, मग उजवा त्याच पायरीवर, मग पुन्हा डावा. एक हात कठड्यावर. मी तेव्हा हवापाण्याचं बोलत राहिले.

तुझ्या हालाचे, माझ्या नणंदेचे, गुडघे धड होते, लीगच गेली. तू पाळण्यात होतीस, २००३ साल. महासंघाने बायकांची लीग बंद केली ती थेट २००६ मध्ये उघडली, तोवर हाला दुकानात उभी राहायला लागली होती. १९९५ मध्ये आपला संघ पहिलाच सामना रुमानियाकडून ०-८ हरला, तेव्हा हीच म्हणाली होती, "आठ तर आठ, मैदानात उतरल्या ना!"

म्हणून तुझी घाई मला कळत नाही असं नाही. २०१३ मध्ये आपल्या कोनाक क्लबच्या मुली युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळांत गेल्या, तेव्हा तू दहाची. सलग पाच वर्षं देशातलं अजिंक्यपद इझमीरलाच राहिलं, तुला वाटायचं फुटबॉल फक्त आपल्याच गावात खेळतात. तुझे बाबा बूट वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचे, त्यांच्या आईला, बाबाआन्नेला, दिसू नयेत म्हणून. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ते बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. आणि २०२४ मध्ये इस्तंबूलचा गालातासाराय क्लब चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोचला, फ्रान्सच्या ल्यॉनशी खेळला, त्या रात्री तू मला फोन करून नुसती रडत होतीस. आता थांबलं तर गाडी सुटेल, असं वाटतंय ना? पण गुडघा...

नाही लिहीत.

रीवाला समुद्रावरून वारा येतो, जाड जॅकेट घे. अंजीर आणि ऑलिव्ह पाठवलेत, रूममधल्या मुलींनाही दे. बेकरीवाल्याला तुझी सही हवी आहे.

तुझी आन्ने

ता. क. त्या उडीच्या चाचणीचा कागद फोटो काढून पाठव. हालाला बघायचाय, मला नाही.