बुरख्यावरचा वाद परीक्षा केंद्राच्या फाटकावर नको

मा. दादाजी भुसे,
शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

जानेवारी २०२५ मध्ये आपले मंत्रिमंडळातले सहकारी नितेश राणे यांनी आपल्याला पत्र लिहून दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांवर बुरख्याला परवानगी देऊ नये, अशी मागणी केली होती. ही मागणी दर परीक्षेच्या तोंडावर पुन्हा डोकं वर काढेल, म्हणून हे पत्र. मी शिक्षिका आहे, बोर्डाच्या परीक्षेला पर्यवेक्षणही करते.

माझं मत आधीच सांगते. चेहरा झाकणारा बुरखा मला पटत नाही. घराण्याची अब्रू बाईच्या अंगावरच्या कापडात शोधणारी कुठलीच प्रथा मला पटत नाही, मग तो नकाब असो की डोक्यावरून खाली ओढलेला पदर. पण माझं न पटणं हे सोळा वर्षांच्या मुलीला पेपरपासून अडवायचं कारण होऊ शकत नाही.

बुरखा घालणाऱ्या सगळ्या मुलींचं मत एकच असतं, असं बाहेरून वाटतं. वर्गात बसल्यावर ते टिकत नाही. एक मुलगी आई नको म्हणत असताना श्रद्धेपोटी घालते. दुसरी मोहल्ल्यातून निघताना घालते आणि शाळेत आल्यावर घडी करून दप्तरात ठेवते. तिसरीला घरून अट आहे, घालशील तर शिकशील. आपण बंदी घातलीत तर पहिली दुखावेल, दुसरीचं फारसं बिघडणार नाही, तिसरी मात्र घरी बसेल. जिला या कापडातून मोकळं करायचं म्हणून बंदी मागितली जाते, तीच सगळ्यांत आधी शाळेतून जाईल. इराणमध्ये १९३६ साली बुरखाबंदी आली आणि पोलिसांनी बायकांच्या डोक्यावरची चादर (तिथला बुरखा) ओढली, तेव्हा कित्येकींनी घराबाहेर पडणंच सोडलं. १९७९ नंतर तिथल्याच नव्या राजवटीने डोकं झाकायची सक्ती केली. दोन्ही वेळा बायकांना कुणी विचारलं नाही.

राहिला कॉपीचा मुद्दा. आमच्या केंद्रावर पेपरआधी एक शिक्षिका मुलीला बाजूच्या खोलीत नेते. मुलगी नकाब वर करते, चेहरा हॉल तिकिटावरच्या फोटोशी ताडून बघतात, बैठक क्रमांक बघतात, बाह्या आणि कान तपासतात. मिनिटभराचं काम. पेपर लिहिताना चेहरा उघडा ठेवायला आम्ही सांगतो, आणि ते योग्यच आहे. आजवर एकाही मुलीने त्यावर वाद घातलेला नाही. ‘नीट’सारख्या कडक परीक्षेतही पारंपरिक पोशाखातल्या उमेदवारांना लवकर बोलावून, झडती घेऊन आत सोडतात. पडदानशीन मतदार जास्त असतील अशा मतदान केंद्रांवर ओळख पटवायला महिला कर्मचारी नेमतात. सामूहिक कॉपी कुठून होते, हे आपल्या खात्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे: खिडकीतून येणाऱ्या चिठ्ठ्या, मोबाइलवर फिरणारी प्रश्नपत्रिका आणि डोळेझाक करणारे आमच्यातलेच काही जण.

न्यायालयांतही एकमत नाही. कर्नाटकातल्या शाळा-कॉलेजांमधल्या हिजाबच्या, म्हणजे केस झाकणाऱ्या रुमालाच्या, बंदीवर १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले. मुंबईत चेंबूरच्या एका कॉलेजच्या प्रकरणात ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने हिजाब, टोपी, बिल्ल्यावरच्या बंदीला स्थगिती दिली, पण वर्गात बुरखा चालणार नाही हेही बजावलं. वर्गापुरती ती मर्यादा मला मान्य आहे. वर्गापर्यंत पोचायची वाट मात्र मोकळी हवी.

समाजसुधारक हमीद दलवाईंनी १९६६ साली मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढला, तेव्हा त्यात सात मुस्लिम बायका होत्या. सातच, पण आपल्या पायांनी आलेल्या. बुरख्याबद्दलही असं बोलणाऱ्या मुली आज आहेत, आणि त्यांना बोलता यावं म्हणून आधी त्या शिकायला हव्यात.

म्हणून विनंती आहे, परीक्षेआधी प्रत्येक केंद्रसंचालकाला लेखी सूचना जाऊ द्या: ओळख पटवायला महिला कर्मचारी आणि आडोशाची खोली ठेवावी, आणि पोशाखावरून एकाही मुलीला फाटकावरून परत पाठवू नये. त्याच सूचनेत आणखी एक ओळ हवी. एखादी मुलगी शाळेत बुरखा काढून ठेवत असेल, तर ती बातमी शाळेतल्या कुणीही तिच्या घरी पोचवू नये, आणि त्यावरून तिला कुणी त्रास दिला तर शाळेने तिच्या बाजूने उभं राहावं.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका