खुर्ची बाबांकडे वळवणाऱ्या मुलाला

प्रिय भावा,

नाव लिहू नका असं तू बजावलंस, म्हणून लिहीत नाही. पण गप्प बसणंही मला जमेना.

काचबिंदूने बाबांची नजर गेली त्याला तीन वर्षं झाली. आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडच्या बऱ्याच घरांसारखं आमचंही बोलणं कोकणीत, वाचणं मराठीत. बाबा तर शाळेत मराठीचेच मास्तर. डोळे गेले तेव्हा पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी घाईघाईत मथळे वाचायची आणि त्यांना हवा असायचा अग्रलेख, तोही शेवटच्या ओळीपर्यंत.

मराठी वाचून दाखवणारा आवाज लॅपटॉपवर घालून घ्यायला तुझ्याआधी तिघांकडे गेलो. एकाने पैसे घेऊन जो प्रोग्राम घालून दिला, तो इंग्रजी फाडफाड वाचायचा आणि मराठी ओळ आली की मुका व्हायचा. दुसऱ्याने ‘मराठीला कुठे मागणी आहे’ म्हणून वाटेला लावलं. तिसरा म्हणाला, ‘त्यांना टीव्ही लावून द्या ना.’ बाबा शेजारीच बसले होते. तिघेही सगळा वेळ माझ्याशीच बोलले. टीव्हीचं ते वाक्य अजून सलतं.

तू आलास, चहा घेतलास आणि लॅपटॉपला हात लावण्याआधी खुर्ची उचलून बाबांच्या समोर ठेवलीस. विचारलंस, ‘सर, वेग केवढा ठेवू?’

बाबांनी खांद्यावरचा पंचा काढला, घडी करून मांडीवर ठेवला. घसा खाकरला. ‘श्रुतलेखन घालतात तेवढा,’ म्हणाले. तू लगेच म्हणालास, ‘मग सर, हा वाचेल, चुका तुम्ही काढा.’

तीन वर्षांत त्यांना असं काही कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मग तो आवाज बोलला. जरासा घुमणारा, पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. तो तसा का, हेही तू त्यांनाच समजावलंस: यात रेकॉर्ड केलेले तुकडे जोडलेले नसतात. माणसाचं बोलणं ऐकून कुठला ध्वनी कुणाच्या शेजारी आला की किती लांबतो, किती चढतो, याची गणितं यंत्र शिकतं आणि त्यातून आवाज नव्याने घडवतं. सरासरी काढताना धार थोडी बोथट होते. पण म्हणूनच सगळा आवाज काही एमबीत मावतो आणि आमच्या जुन्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालतो.

‘चहा’ बरोबर आला, ‘चमचा’ चुकला. ‘चार’ बरोबर, ‘चारा’ चूक. ‘चवथ’, म्हणजे आमची गणेश चतुर्थी, तर त्याने अशी उच्चारली की बाबांनी मांडीवर थाप मारली, ‘गोंयकार न्हय हो!’ च एकच, उच्चार दोन. लिहिताना फरक दिसत नाही, मग यंत्राला कळणार कसा? तू एकेक शब्द उच्चारकोशात घालत गेलास, ‘चवथ’च्या जागी ‘त्सवथ’, आणि दर वेळी बाबांना विचारलंस, ‘आता पास का सर?’ दोन तास. बाबांचा वर्गातला आवाज मी किती दिवसांनी ऐकला!

पैसे विचारले तर म्हणालास, मलाही हे फुकटच मिळालंय. नंतर मी शोधून वाचलं. जपानमधल्या नागोयाच्या संशोधकांनी 2002 साली एचटीएस, म्हणजे असे आवाज घडवायचं सॉफ्टवेअर, सगळ्यांसाठी खुलं केलं. आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने आपल्या भाषांचे आवाज त्यावर घडले. पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए ऑस्ट्रेलियातल्या मायकल करनने 2006 मध्ये सुरू केलं, मग जेम्स टेह त्याच्या जोडीला आला. दोघेही स्वतः अंध. यांतल्या कुणी चवथीची माटोळी, गणपतीवर टांगलेली फळा-पानांची ती चौकट, पाहिली असेल असं वाटत नाही. तरी त्यांच्या कामाचं दान फोंड्यातल्या एका पडवीपर्यंत पोचलं. ते पोचवायला बसमधून तू आलास. चांगली माणसं अशी हातातून हातात देत जातात रे, आणि मागे आपलं नावही ठेवत नाहीत.

आता पहाटे पाचला बाबांचा अग्रलेख सुरू होतो, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मला हाक येत नाही. एखाद्या दिवशी मीच उठून दाराशी उभी राहते.

त्यांनी आणखी अकरा चुकीचे शब्द काढून ठेवलेत. मला लिहून घ्यायला लावले, वर तुझं नाव घालून. नागपंचमीला पातोळ्या करते आहे. तेव्हा ये, यादी बाबाच तुला वाचायला लावतील.

तुझी ताई