ध्वज जाळायचा, पण आडोशाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रध्वज जाळणे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसते का, या वादात एक बाजू अमेरिकेचा दाखला देते आणि दुसरी ‘देशद्रोह’ म्हणून मोकळी होते. आपला कायदा उघडून सहसा कुणी बसत नाही. उघडला तर दिसेल की तिरंगा जाळण्याची सूचना सरकारी संहितेतच आहे. २६ जानेवारी २००२ पासून लागू असलेली भारतीय ध्वज संहिता सांगते, की ध्वज फाटला किंवा मळला तर तो टाकून द्यायचा नाही. खासगी जागी, पूर्णपणे, शक्यतो जाळून किंवा त्याच्या प्रतिष्ठेला शोभेल अशा दुसऱ्या रीतीने नष्ट करायचा. उलट १९७१ च्या राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध कायद्याच्या कलम २ प्रमाणे सार्वजनिक जागी, किंवा लोकांना दिसेल अशा कुठल्याही जागी, ध्वज जाळला तर तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा गुन्हा सिद्ध झाला तर कलम ३-अ प्रमाणे किमान एक वर्ष आत.

तेव्हा कायद्याचे भांडण आगीशी नाही, आगीतून जे सांगितले जाते त्याच्याशी आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये हाच मुद्दा पकडला होता. १९८४ साली डॅलस शहरात रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी, नगरपालिकेच्या इमारतीसमोर, एका निदर्शकाने ध्वज जाळला. टेक्ससच्या कायद्याखाली त्याला एक वर्ष कैद आणि दोन हजार डॉलर दंड झाला. जीर्ण ध्वज आदराने जाळलेला चालतो आणि रागाने जाळलेला चालत नाही, याचा अर्थ शिक्षा विचाराला आहे, असे म्हणत न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती रद्द ठरवली. संसदेने लगेच नवा कायदा केला, तोही १९९० मध्ये त्याच फरकाने पडला.

हा निकाल जसाच्या तसा इथे आणता येत नाही. भाषणस्वातंत्र्य देणाऱ्या त्यांच्या पहिल्या घटनादुरुस्तीत अपवादांची यादी नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये ती आहे: सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. या आठांत ‘राष्ट्राचा मान’ हा शब्द कुठेच नाही. ध्वजाचा आदर करणे हे कर्तव्य आहे, पण ते कलम ५१-अ मध्ये, १९७६ च्या दुरुस्तीने आलेले. आणि मूलभूत कर्तव्य मोडले म्हणून आपोआप तुरुंग होत नाही.

दुसरीकडे, ध्वज फडकवणे ही अभिव्यक्ती आहे आणि म्हणून तो कलम १९(१)(अ) खालचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २३ जानेवारी २००४ रोजी उद्योगपती नवीन जिंदल यांच्या खटल्यात सांगितले. फडकवणे हे बोलणे असेल, तर जाळणे मुकेपणा कसा ठरेल? तेही बोलणेच आहे, कानाला झोंबणारे. मात्र त्याच निकालात हा हक्क आदराने बजावण्याचा आहे, १९७१ च्या कायद्याच्या चौकटीत आहे, असेही म्हटले आहे. म्हणून आजच्या घडीला चौकात तिरंगा जाळणाऱ्याला संरक्षण आहे असे कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर तो ऐकणाऱ्याला खड्ड्यात घालतो आहे.

आमचे मत असे, की जाळणारा जमावाला दंगलीला उठवत असेल तर कैद असावी. तिथे ‘सुव्यवस्था’ आणि ‘चिथावणी’ हे दोन आधार भक्कम आहेत. नुसते मत मांडणे आणि चिथावणी देणे यांतली रेघ २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द करताना न्यायालयाने आखून दिली आहे. बाकीच्यांना दंड पुरे. कारण १९७१ च्या कायद्याच्या कलम २ चे जाळे फार रुंद विणले आहे. २००३ च्या दुरुस्तीने आणि २००५ च्या फेरफाराने त्यात उशीवरचे भरतकाम, हातरुमाल, कमरेखालचा पोशाख, ध्वजावरची अक्षरे, सगळे आले. उशीला आणि भर चौकातल्या होळीला कमाल शिक्षा एकच, तीन वर्षे! कोईमतूरमध्ये २०१३ च्या नाताळात तिरंगी नकाशाचा सहा बाय पाच फुटांचा केक कापला म्हणून प्रकरण उभे राहिले आणि ते मिटायला मद्रास उच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल लागला. केक कापायला पाच मिनिटे, सुटायला सात वर्षे.

ध्वज म्हणजे बोलणे, हे गोव्यात तरी कुणाला समजावून सांगायला नको. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला सीमेवरच्या पत्रादेवीला सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. तेव्हा हे कापड हातात धरणे हाच गुन्हा होता. पत्रादेवीच्या स्मारकासमोर कुणी तिरंगा पेटवला तर त्या पेडणे तालुक्यातल्या माणसाचे रक्त खवळेल, आणि ते खवळणे खोटे नाही. पण रक्त खवळले याचे मोजमाप तीन वर्षांच्या कोठडीत करायचे का, एवढाच प्रश्न आहे. (पोर्तुगालच्या आजच्या दंडसंहितेतही ध्वजाच्या जाहीर अवमानाला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. या बाबतीत आपण त्यांच्याही पुढे.)

आता ज्यावर कुणी वाद घालत नाही, त्याबद्दल. ध्वजाचा खरा अवमान गोव्यात निदर्शक करत नाहीत, खारा वारा आणि आपला आळस करतात. किनाऱ्यालगतच्या पंचायतींच्या खांबांकडे चवथीच्या सुमारास पाहावे. मोकळी, फडफडणारी कड आधी उसवते, मग पट्ट्यांच्या शिवणी. खादी पावसात पाणी पिऊन खांबाला चिकटते, तिच्यावर बुरशीचे काळे ठिपके धरतात. वर कप्पी मिठाने अडकली की ध्वज उतरवायलाच येत नाही. मग कुणीतरी हुशारी करून उसवलेली कड कापतो आणि पुन्हा दुमडून शिवतो. ९०० बाय ६०० मिलिमीटरच्या ध्वजाची चार सेंटिमीटर कड गेली की तो ८६० बाय ६०० होतो. ३:२ हे प्रमाण मोडले, अशोकचक्रही मधोमध राहिले नाही. फाटका ध्वज लावू नये हे संहितेत स्पष्ट आहे. कापून लहान केलेला ध्वज ही त्यावरची पळवाट नव्हे. जुलै २०२२ पासून नागरिकांना घरी रात्रंदिवस ध्वज ठेवता येतो, त्यामुळे घराघरांवरचे ध्वज वारापाऊस दुप्पट खातात.

नष्ट करायची वेळ आली की बहुतेक जण दोन चुका करतात. पहिली, ओला ध्वज पेटवणे. ओली खादी धुमसते आणि मधले चक्र अर्धवट जळून तसेच उरते. बघणाऱ्याला यापेक्षा वाईट दृश्य नाही. दुसरी, पटकन पेटावा म्हणून रॉकेल ओतणे. भडका उडतो आणि जळते तुकडे वाऱ्यावर आवाराबाहेर जातात. त्याऐवजी ध्वज दोन दिवस छपराखाली सुकवावा, नेफ्यातली दोरी आणि लाकडी खुंटी काढावी, कापड मात्र कातरू नये, कारण संहितेला तो अखंड नष्ट व्हायला हवा आहे. घडी घालून लोखंडी घमेल्यात ठेवावा, सुकी लाकडे खालून लावावीत, राख गार झाल्यावर झाडाच्या बुंध्याशी पुरावी. जागा रस्त्यावरून न दिसणारी हवी. कलम २ मध्ये ‘लोकांना दिसेल अशी जागा’ हे शब्द आहेत आणि बुटक्या कुंपणावरून कुणी मोबाइलवर टिपले, तर आदराने केलेल्या कामाचाही खुलासा पोलीस ठाण्यात द्यावा लागेल. दोन साक्षीदार आणि पंचायतीच्या वहीत एक ओळ, इतकी काळजी पुरते.

पॉलिएस्टरने खरी पंचाईत केली आहे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ते आणि यंत्रावरचे कापड दोन्ही चालू लागले. पॉलिएस्टर राख होत नाही; वितळते, त्याचे जळते थेंब पडतात, काळा धूर निघतो आणि घमेल्याच्या तळाशी कडक गोळा उरतो. पुरले तरी ते मातीत मिसळत नाही. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, ती वेगळीच. परवानगी देताना या कापडाची शेवटची वाट कुणी विचारात घेतलेली दिसत नाही. त्यामुळे १५ ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी हे ध्वज कोरड्या कचऱ्याच्या पोत्यात दुधाच्या पिशव्यांबरोबर दिसतात, आणि त्याबद्दल कुणाला तीन वर्षे होत नाहीत.

१९ डिसेंबरच्या गोवा मुक्तिदिनाआधी पंचायत संचालनालयाने एक साधे पत्रक काढावे: प्रत्येक पंचायतीत जीर्ण ध्वजांसाठी झाकणाची वेगळी पेटी, खादी आणि सुती ध्वज आवारातच जाळण्याची वर सांगितलेली रीत, पॉलिएस्टरचे वेगळे गठ्ठे करून तालुक्यातून एकाच ठिकाणी बंद भट्टीत नेण्याची सोय, आणि वर्षातून दोनदा कप्पीला तेल. शक्यतो नवा ध्वज खादीचाच घ्यावा. खादीचे प्रमाणित ध्वज हुबळीच्या बेंगेरीत बनतात, म्हणजे आपल्या शेजारीच.

आपले,
काही वाचक,
म्हापसा, बार्देश