गुप्तचरांवर खापर कशासाठी?

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतला इराक युद्धावरचा लेख वाचला. इराक अण्वस्त्रे बनवत असल्याचे सांगून अमेरिकेने २००३ मध्ये युद्ध पुकारले, पुराव्यादाखल इराकने मागवलेल्या नळ्या दाखवल्या, आरोप खोटा निघाला, आणि त्याचे खापर लेखक गुप्तचरांवर फोडतात. आधी किरकोळ बाब. जप्त झालेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा व्यास तुम्ही ‘८१ सेंटिमीटर’ छापला आहे. त्यातून माणूस रांगत पलीकडे जाईल. तो ८१ मिलिमीटर हवा. प्रुफे तपासणारे सुटीवर होते असे समजून सोडून दिले असते. पण पुढच्याच परिच्छेदात लेखक म्हणतात, हा तांत्रिक भाग क्लिष्ट असल्याने सामान्य वाचकाला त्यात न नेलेले बरे. अहो, तुमचा अंक उद्यमबागेत आणि मच्छेत वाचला जातो. हायड्रॉलिक सिलिंडरच्या नळ्या मापात आणणे हेच जिथे पोट भरण्याचे साधन, तिथल्या वाचकाला नळी समजणार नाही? ती समजावून दिली असती तर ‘हे गुप्तचर यंत्रणांचे अपयश’ हा लेखाचा निष्कर्षच टिकला नसता.

नळी अशी होती: मिश्रधातू ७०७५ (अ‍ॅल्युमिनियमची एक मजबूत जात), टेंपर टी-६ (उष्णता देऊन आणलेला कडकपणा). बाहेरचा व्यास ८१ मिमी, आतला ७४.४, म्हणजे भिंत ३.३ मिमी. लांबी ९०० मिमी, वरून अ‍ॅनोडायझिंग, म्हणजे गंजू नये म्हणून चढवलेला थर. मागणी साठ हजार नगांची. २००१ साली माल जॉर्डनमध्ये अडवला गेला आणि अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने ठरवले की हे युरेनियम समृद्ध (म्हणजे अणुबाँबलायक) करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्राचे रोटर, म्हणजे आत गरगरणाऱ्या नळ्या.

आता हिशेब करा. रोटर सेकंदाला हजारावर फेरे घेतो आणि त्याचा भार खाली सुईएवढ्या बेअरिंगवर असतो. तुलना ज्या झिप्पे पद्धतीच्या (सेंट्रिफ्यूजची एक जुनी रचना) यंत्राशी केली, त्याच्या रोटरची भिंत जेमतेम १ मिमीच्या आसपास. याच व्यासाची आणि लांबीची नळी १ मिमी भिंतीची धरली तर वजन भरते साधारण ६३५ ग्रॅम. ३.३ मिमी भिंतीला तेच दोन किलोच्या वर जाते. एवढे ओझे त्या बेअरिंगवर टाकायचे नसेल तर भिंत लेथवर टर्निंग करून (खरवडून) उतरवायची. पातळ नळी चकात आवळली की गोलाई बिघडते, सैल धरली की थरथरते आणि टूलचे व्रण उठतात. त्यातून पार पडली तर रनआउट (फिरताना डगमगणे) काढा, मग बॅलन्सिंग. टोकांच्या टोप्या जोडण्याआधी अ‍ॅनोडायझिंगचा थर काढणे वेगळेच. शिवाय झिप्पेचा रोटर या नळीच्या निम्म्याहूनही आखूड, म्हणजे कापाकापी आलीच. एवढे उपद्व्याप करायचेच होते तर मागणी नोंदवतानाच पातळ नळी का मागवली नाही? इराकने १९९० च्या सुमारास मॅरेजिंग स्टील (अतिशय मजबूत पोलाद) आणि कार्बन फायबरचे, म्हणजे याहून सरस रोटर करून पाहिले होते. तो दहा वर्षांनी जाड अ‍ॅल्युमिनियमकडे कशाला मागे येईल? व्यास तेवढा बऱ्यापैकी जुळत होता, हे मान्य.

रॉकेटला मात्र सगळेच जुळत होते. इटलीच्या ‘मेदुसा’ या ८१ मिमी रॉकेटची नक्कल इराकच्या नासर कारखान्यात होत होती. धातू तोच, माप तेच. आधीचा साठा उघड्यावर राहून खराब झाला होता, म्हणून अ‍ॅनोडायझिंग. संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांना तिथे १३ हजार तयार रॉकेट दिसली. सीआयएचा शेवटचा आधार होता टॉलरन्सचा, म्हणजे मापात किती फरक चालेल याचा: रॉकेटला एवढे घट्ट माप कशाला लागते? याचे उत्तर उद्यमबागेतला शिकाऊ पोरगाही देईल. ज्याला नेमके कुठे काय हवे ते कळत नाही, तो ड्रॉइंगवर सरसकट मिलिमीटरचे शतांश लिहून मोकळा होतो. भोगतो तो जॉब करणारा. इराकी अभियंत्यांची रॉकेट नेम सोडून फाकत होती, मूळ रचना बदलायची हिंमत नव्हती, मग नळीचे माप आवळले. खुद्द अमेरिकेच्या ७० मिमी ‘मार्क ६६’ रॉकेटलाही ७०७५-टी६ च लागतो आणि माप तितकेच घट्ट असते.

एक गोष्ट खरी की ७५ मिमीपेक्षा जास्त व्यासाच्या अशा मजबूत नळ्या इराकला विकायला बंदीच होती, वापर कशाचाही असो. त्यामुळे जप्ती योग्यच होती. पण जप्ती योग्य म्हणून आरोप सिद्ध होत नाही.

हे सगळे अमेरिकेला युद्धाआधी माहीत होते, आणि लेखात नेमके हेच नाही. सेंट्रिफ्यूज ज्यांनी आयुष्यभर केले, त्या ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांनी २००१ पासून सांगितले की नळ्या रॉकेटच्या आहेत. परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर विभागाचे तेच मत. सगळ्या गुप्तचर यंत्रणांच्या ऑक्टोबर २००२ च्या एकत्रित गुप्त अहवालात ही असहमती नोंदली आहे. (ऊर्जा खात्याने पुढे कच खाल्ली आणि इतर कारणे देऊन ‘अणुकार्यक्रम पुन्हा सुरू झाला’ याला मान डोलावली, हेही सांगितले पाहिजे.) त्याच अहवालात इराकच्या बिनचालक विमानांबद्दल असहमती कोणाची? हवाई दलाची! म्हणजे विमानातले हवाई दलाला कळत नाही, सेंट्रिफ्यूजमधले सेंट्रिफ्यूजवाल्यांना कळत नाही.

त्यानंतर ४ ऑक्टोबरला त्या अहवालाची जनतेसाठी छोटी आवृत्ती निघाली. तीत ‘आमचा अंदाज आहे’ गळाले, खात्यांची नावे गळाली आणि ऊर्जा खात्याचे तज्ज्ञ ‘काही जणां’मध्ये जमा झाले. १० आणि ११ तारखेला युद्धाला परवानगी देणारे मतदान होऊन मोकळे. प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३. त्याआधी ८ सप्टेंबरला राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस दूरचित्रवाणीवर सांगून चुकल्या होत्या की या नळ्या खरे तर अण्वस्त्रांनाच योग्य. परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांना त्यांच्याच विभागाने मार्क ६६ बद्दल लेखी सावध केले होते. तरी ५ फेब्रुवारी २००३ ला सुरक्षा परिषदेत त्यांनी टॉलरन्सचाच दाखला दिला. मतभेद आहेत एवढे म्हणाले, पण बहुतेक तज्ज्ञ आपल्या बाजूचे असल्याचे लगेच सांगून टाकले.

याला अपयश म्हणतात? इन्स्पेक्टरने लाल खडूने खूण केलेला माल कोणी खूण पुसून पाठवला, तर गिऱ्हाईक इन्स्पेक्टरला धरत नाही.

तुमच्या लेखकांनी आधार घेतला आहे गुप्तचर यंत्रणांच्या चुका तपासणाऱ्या २००५ च्या सिल्बरमन-रॉब आयोगाचा. नेत्यांनी माहिती कशी वापरली हे तपासण्याचा अधिकारच त्या आयोगाला दिला नव्हता! तो भाग सिनेट समितीच्या जून २००८ च्या अहवालात आला, आणि तिथे स्पष्ट लिहिले आहे की अणुकार्यक्रमाबद्दलच्या विधानांना गुप्तचर अंदाजांचा आधार होता, पण यंत्रणांमधले मोठे मतभेद लोकांना सांगितले गेले नाहीत. लेखात २००८ चा उल्लेखही नसावा?

इराक आफ्रिकेतल्या नायजरकडून युरेनियम घेत असल्याच्या बनावट कागदांवर अर्धे पान खर्च केलेत, तेही आडवळणाने. १९८९ मध्येच पद सोडलेल्या नायजरच्या परराष्ट्रमंत्र्याची सही २००० सालच्या पत्रावर होती, एवढे एक वाक्य पुरले असते.

‘दूरच्या युद्धाचे आपल्याला काय’ हा सूरही खटकला. एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत येथे तुर्कांना शरण जावे लागलेल्या ब्रिटिशांच्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. ज्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे तिथल्या वर्तमानपत्राला मेसोपोटेमिया दूरचा वाटावा? २००३ मध्येही अमेरिकेने भारताकडे सैन्य मागितले होते. जुलैत वाजपेयी सरकारने नकार दिला म्हणून, नाहीतर एक अख्खी डिव्हिजन तिकडे गेली असती.

जाता जाता आणखी एक. नळ्यांची ती बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ८ सप्टेंबर २००२ ला पहिल्या पानावर दिली. आपल्या इराक वार्तांकनाबद्दलचा खुलासा छापला तो मे २००४ मध्ये, आत दहाव्या पानावर. ही पद्धत तुम्हीही उचललेली दिसते. गेल्या महिन्यात औद्योगिक वसाहतीतील वीज बंद राहण्याचा वार तुम्ही पहिल्या पानावर चुकीचा छापला. लोकांनी पाळ्या बदलल्या, फाउंड्रीवाल्यांनी भट्टी लावायचा दिवस पुढे ढकलला. दुरुस्ती आली तिसऱ्या दिवशी, आठव्या पानावर, निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या मध्ये, भिंग लावून वाचावी अशा अक्षरात. पहिल्या पानावरची चूक पहिल्याच पानावर चौकटीत दुरुस्त करायला काय अडचण आहे, ते याच सदरात कळवावे.

कळावे,
एक जुना वर्गणीदार,
उद्यमबाग, बेळगाव