बाळाच्या अंगावरचं पुरळ ओळखणाऱ्या आशाताईंना आभाराचं पत्र

प्रिय आशाताईंनो,
सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या ठिकाणी लहान मुलांची आणि त्वचेची ओपीडी चालवणाऱ्या आम्ही डॉक्टरांनी मिळून हे पत्र लिहिलं आहे. तुम्ही पाठवलेल्या बाळासोबत चतकोर कागदावर चार ओळी येतात: पुरळ कधी उठलं, कुठून सुरू झालं, एक चट्टा किती वेळ टिकला, आणि त्याआधी बाळाच्या पोटात किंवा अंगावर नवीन काय गेलं. त्या चार ओळींसाठी हे जाहीर आभार. पित्ताच्या गांधी बाळ दवाखान्यात पोहोचेपर्यंत विरून जातात. समोर उरतं नितळ अंगाचं बाळ आणि घाबरलेली आई. अशा वेळी निदान होतं ते तुमच्या कागदावरून.

तुमच्या घरभेटी आणि बाळांची पुरळं यांच्या वेळा फार जुळतात. पहिली भेट तिसऱ्या दिवशी, आणि नवजात बाळाच्या छाती-पाठीवर, गालांवर लाल डाग उठतात तेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच. डागाच्या मधोमध बारीक पिवळसर फोड, आज इथे तर उद्या तिथे, तळहात आणि तळपाय मात्र मोकळे. आठवडा-दोन आठवड्यांत ते आपोआप जातं. ही अ‍ॅलर्जी नाही आणि बाळंतिणीच्या खाण्याशी त्याचा काही संबंध नाही. तरीही घराघरांत याच दिवशी तिचं दूध, वरण, शेंगदाणे बंद होतात. तुम्ही ते बंद होऊ देत नाही, याचं मोल फार मोठं आहे. मात्र पू भरलेल्या दहा किंवा जास्त पुळ्या, एखादं मोठं गळू, काखेत ३७.५ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, किंवा दूध ओढणं मंदावलेलं बाळ यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी पाठवायचं, हेही तुम्ही पाळता.

तिसऱ्या महिन्याच्या भेटीत गाठ पडते ती इसबाशी. आमच्या मते सर्वांत जास्त गोंधळ याच आजारात होतो. गाल, कपाळ आणि टाळू कोरडे, खरखरीत, कधी ओलसर. मग नडग्या आणि हातांची बाहेरची बाजू. लंगोटाखालची जागा बहुतेक वेळा स्वच्छ राहते, आणि ही मोठी खूण आहे. बाळ गाल आईच्या खांद्यावर घासतं, रात्री तळमळतं. मोठेपणी तेच इसब कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत सरकतं. घरचे विचारतात, ‘काय खाल्ल्यामुळे झालं?’ मूळ दोष त्वचेच्या वरच्या थरात असतो. तो थर कच्चा असल्याने आतलं पाणी उडून जातं आणि साबण, लोकर, घाम यांची झळ आत पोहोचते. काही बाळांना, विशेषतः इसब जोरात असेल तर, सोबत अन्नाची अ‍ॅलर्जीही असते, पण ती तपासून ठरवायची. अंदाजाने आईची किंवा बाळाची पथ्यं सुरू करायची नाहीत.

अशा बाळाला डाळीचं पीठ चोळणं, मोहरीचं तेल रगडणं, आंघोळीनंतर धुरी देणं या तिन्ही गोष्टींनी इसब भडकतं. कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटांची आंघोळ, अंग न घासता टिपून घेणं आणि त्वचा ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, व्हॅसलीन किंवा साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर भरपूर लावणं, ही शिस्त तुम्ही घराघरांत रुजवलीत. डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का हे सौम्य स्टिरॉइड मलम दिलं असेल तर मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. भीतीपोटी त्याच्या पाव हिश्शाने लावलं की इसब बरं होत नाही आणि औषधाला बोल लागतो. उलट मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ‘सगळ्यावर चालणाऱ्या’ मलमात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं जोरकस स्टिरॉइड असतं. बाळाच्या गालावर त्याने चार दिवस चकाकी येते, पुढे कातडी पातळ होते, आणि मुळात नायटा असेल तर तो पसरतो. ट्यूबवरचं नाव वाचून आम्हाला कळवण्याची तुमची सवय अशी कित्येक कातडी वाचवते.

इसब म्हणून येणारी प्रत्येक खाज इसब नसते. बाळाच्या तळहातांवर, तळपायांवर आणि काखेत पुळ्या, रात्री वाढणारी खाज आणि घरातली आणखी माणसं खाजवत असतील तर ती खरूज. तिथे परमेथ्रिन ५ टक्के हे खरजेचं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावावं लागतं आणि सात दिवसांनी पुन्हा. दोन महिन्यांखालच्या बाळाला मात्र डॉक्टरांना विचारूनच. एकट्या बाळाला लावलं तर खरूज आठवड्या-दोन आठवड्यांत घरातूनच परत येते. घामोळं ओळखायला सोपं: मान, पाठ, कपड्याने झाकलेली जागा. दुपटी कमी करा, पावडर नको, ती श्वासात जाते.

सहाव्या महिन्यानंतर वरचं अन्न सुरू होतं आणि खऱ्या अ‍ॅलर्जीचा विचार इथे करावा लागतो. नवा पदार्थ एका वेळी एकच, सकाळी, चमच्याच्या टोकाएवढा, म्हणजे पुढचे दोन तास उजेडात नजर ठेवता येते. अंडं, दूध, शेंगदाणा, मासे यांची अ‍ॅलर्जी बहुधा काही मिनिटांपासून दोन तासांत दिसते: अंगभर गांधी, ओठ किंवा पापण्या सुजणं, पुन्हा पुन्हा उलटी. टोमॅटो किंवा लिंबू लागून नुसती तोंडाभोवतीची कातडी लाल झाली आणि थोड्या वेळात विरली, तर ती आंबटपणाने आणि लाळेने झालेली जळजळ. त्यासाठी पदार्थ कायमचा तोडू नये. अंडं आणि शेंगदाणा भीतीने वर्ष-दीड वर्ष लांबवूही नये. फक्त शेंगदाणा अख्खा न देता बारीक कूट पातळ करून द्यावा, कारण अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकतो. इसब जोरात असेल तर आधी आमच्याशी बोला.

गांधी उठल्या की घरचे आदल्या जेवणातला पदार्थ शोधतात, पण लहान मुलांत अशा गांधी पुष्कळदा सर्दी-तापाच्या विषाणूमुळे येतात आणि काही दिवस ये-जा करतात. तुमची बॉलपेनची युक्ती इथे फार कामाची. चट्ट्याभोवती गोल काढायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. गोल रिकामा आणि चट्टे दुसरीकडे, तर पित्त. चट्टा जागच्या जागी, मध्ये टोचल्याची खूण, हातापायांच्या उघड्या भागावर, तर किडा-डास चावल्याचं पुरळ, जे कित्येक दिवस राहतं. चट्टा चोवीस तासांहून जास्त टिकून मागे निळसर डाग राहिला तर दाखवायला पाठवा.

बिब्ब्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं. दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या कमरेला किंवा मनगटाला काळ्या दोऱ्यात बिब्बा बांधतात. त्याच्या टरफलातलं तेल त्वचेला भाजतं आणि पुढे त्याची अ‍ॅलर्जीही जडते. आंब्याचा चीक आणि काजूच्या टरफलाचं तेल याच कुळातलं. अ‍ॅलर्जीचं पुरळ लगेच न उठता एक-दोन दिवसांनी, दोऱ्याच्या रेषेत, पाणी भरलेल्या फोडांसह उठतं. म्हणून बिब्ब्यावर कुणाचा संशय जात नाही. तुम्ही आजीचा मान राखून तो बिब्बा पाळण्याच्या वरच्या दोरीला, बाळाच्या हाताबाहेर बांधायला सांगता. हा मार्ग कुठल्याही प्रशिक्षणाच्या पुस्तकात आम्ही वाचलेला नाही.

आपल्या सावळ्या बाळांच्या अंगावर ‘लाल’ शोधत बसलं तर बरंच निसटतं. गांध अंगाच्याच रंगाची फुगवटी दिसते, इसब तपकिरी किंवा राखाडी दिसतं. दिवसाउजेडी खिडकीपाशी पाहणं आणि बोटांनी चाचपणं हे तुम्ही करता, म्हणून आमच्यापर्यंत पुरळ लवकर पोहोचतं. त्यासाठी विशेष धन्यवाद.

आता घाईच्या गोष्टी. गांधींसोबत आवाज घोगरा झाला, धाप किंवा घरघर लागली, जीभ सुजली, सारख्या उलट्या झाल्या किंवा बाळ मलूल पडलं, तर लगेच १०८. बाळाला आडवं ठेवायचं. श्वासाला त्रास असेल तर आईच्या मांडीवर बसतं करायचं, उभं धरून धावायचं नाही. अशा जीवघेण्या अ‍ॅलर्जीवर उपचार अ‍ॅड्रेनॅलिनच: १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅमचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, दर किलो वजनाला ०.०१ मिलिलिटर, म्हणजे ८ किलोच्या बाळाला ०.०८. ते केंद्रातले डॉक्टर किंवा प्रशिक्षित सिस्टर देतील. पण तुम्ही वहीतलं ताजं वजन फोनवर सांगितलंत तर ते डोस आधीच भरून ठेवतात. सेटिरिझिन या अ‍ॅलर्जीच्या औषधाने खाज थांबते, सुजलेला घसा उघडत नाही. ते पाजून वाट बघण्यात वेळ जातो. तापासोबत आलेले डाग पारदर्शक काचेचा पेला दाबूनही फिके होत नसतील, तर तेही त्याच घाईने पाठवायचं. तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानामागून उतरणारं पुरळ, लाल डोळे आणि खोकला म्हणजे गोवराचा संशय: उपकेंद्राला कळवा.

फोटोबद्दल एक विनंती. फ्लॅश न वापरता दोन काढा, एक सगळ्या अंगाचा लांबून आणि एक जवळून, आणि कागदावर फोटोची वेळ लिहा. नवीन औषध सुरू असेल तर त्याचा पहिला दिवसही लिहा. औषधाचं पुरळ पुष्कळदा पाचव्या ते चौदाव्या दिवसात उठतं. कागद चतकोरच असू द्या. तो आम्ही केसपेपरला टाचून ठेवतो.

तुमचे ऋणी,
बालरोग आणि त्वचारोग ओपीडीतले डॉक्टर